मस्टँग नाही, सेलिका आहे ती: जुनी जपानी गाडी पाठीमागून कशी ओळखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील १९७६ ते ८० दुबईला नोकरीला होते, त्यांचा एक रंग उडालेला फोटो सापडलाय, शेजारी दोन दरवाज्यांची एक उतरत्या पाठीची गाडी तिरकी उभी आहे, तिचा फक्त मागचा भाग दिसतो, तोंड दिसत नाही, नंबर प्लेट अर्धी कापली गेलीय. घरात सगळे मस्टँग म्हणतात, आई एकट्या म्हणतात की टोयोटा होती. तर कोण बरोबर, आणि अशा जुन्या जपानी गाड्या ओळखायच्या कशा?

आई बरोबर आहेत. ती टोयोटा सेलिका लिफ्टबॅक आहे, म्हणजे मागची काच डिकीसकट वर उघडणारी, पहिल्या पिढीची. मस्टँग म्हणणाऱ्यांना हसू नका, ती गाडी मस्टँगसारखी दिसावी अशीच काढली होती, चांगले चांगले फसतात. पण मागचे दिवे मोजा. मस्टँगला प्रत्येक बाजूला तीन उभ्या पट्ट्या असतात, तुमच्या फोटोत डावीकडे मोजल्या तर पाच भरतात. जपानमध्ये या दिव्यांना बनाना टेल म्हणतात, उभी केळी शेजारी शेजारी लावल्यासारखी दिसतात म्हणून. दुसरी गोष्ट म्हणजे लांबी. साठच्या दशकातली मस्टँग साडेचार मीटरच्या वर जाते आणि ही जेमतेम सव्वाचार, त्यामुळे मस्टँगशेजारी उभा माणूस छोटा वाटतो, आणि तुमचे वडील गाडीशेजारी चांगले ऐसपैस दिसतायत. वडील सहा फुटी असतील तर गोष्ट वेगळी, पण दिवे पाच ते पाचच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. मी पंधरा-सोळा वर्षं शारजाच्या सेकंडहँड पार्टच्या धंद्यात काढली, जपानहून कापलेल्या गाड्यांचे कंटेनर यायचे ते उघडून माल लावायचा, आणि आता चिंचवडला जुन्या गाड्या उभ्या करून देतो. त्या कंटेनरमध्ये पूर्ण गाडी कधी नसायचीच. अर्धी गाडी, नुसतं नाक, नुसती डिकी, एक दरवाजा. त्यातून गाडी ओळखायची म्हणजे लोक जे बघतात ते बघून चालायचं नाही. लोक काय बघतात? नाव आणि तोंड. आणि गाडीवर सगळ्यात सहज बदलता येणाऱ्या दोन गोष्टी त्याच. नावाची पट्टी दोन क्लिपवर असते, पुढची जाळी चार स्क्रूवर, बंपर सहा बोल्टवर. पण छताचा खांब, मागच्या काचेचा उतार, दिव्यांसाठी पत्र्यात मारलेली भोकं, चाकावरची कमान, हे बदलायला कारखान्यात नवा डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा लागतो, गल्लीतल्या डेंटरचं ते काम नाही. म्हणून मी नवीन पोरांना सांगायचो की आधी पत्रा बघ, मग काच, मग दिवे, आणि नाव सगळ्यात शेवटी वाच.

नाव किती खोटं बोलतं याचा साधा नमुना म्हणजे टोयोटाचं ते तीन लंबगोलांचं चिन्ह. ते आलं १९८९ मध्ये. त्याच्या आधीच्या गाडीवर अक्षरं असायची किंवा त्या त्या मॉडेलचं स्वतःचं चिन्ह असायचं. म्हणजे सत्तरच्या सेलिकाच्या नाकावर ते तीन लंबगोल दिसले की समजायचं, कुणीतरी नंतर हौसेनं चिकटवलंय, बाकी पण काय काय बदललंय ते शोधा. निसानचं उलटं. १९८१ ला कंपनीने ठरवलं की बाहेरच्या देशांत दात्सुन नाव काढून निसान लावायचं, आणि ते पाच-एक वर्षं चाललं, त्यामुळे त्या काळातल्या गाडीवर दोन्ही नावं एकदम दिसली तर ती खोटी नाही, उलट तोच तिचा काळ. शारजात तर नंतरही कितीतरी वर्षं लोक येऊन दात्सुनचंच सामान मागायचे, पट्टीवर काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आता पत्रा म्हणजे नेमकं काय ते निसानच्या स्कायलाइनवर सांगतो कारण तिच्याइतकं सोपं पुस्तक दुसरं नाही. मुळात ही गाडी प्रिन्स कंपनीची, प्रिन्स १९६६ ला निसानमध्ये विलीन झाली. १९६८ ला आलेली सी१० ती हाकोसुका, हाको म्हणजे खोका, आणि खरंच पट्टी लावून आखल्यासारखी आहे. तिच्या मागच्या चाकावर एक रेघ आहे, पत्र्यातच दाबलेली, पुढून पाठीमागे जाताना चाकाच्या कमानीवरून लाटेसारखी खाली उतरते. तिला सर्फ लाइन म्हणतात. ही रेघ पुढे १९७२ च्या सी११० ला आहे, तीच ती केनमेरी, जाहिरातीतल्या केन आणि मेरी या जोडप्यावरून नाव पडलं. नंतर १९७७ च्या सी२१० ला पण आहे. १९८१ ला आर३० आली आणि रेघ गेली. म्हणजे बाजूचा एक धूसर फोटो असला तरी रेघ आहे की नाही एवढ्यावर १९८१ च्या अलीकडची की पलीकडची ते कळतं. मग मागे जा. हाकोसुकाचे मागचे दिवे चौकोनी पट्टीसारखे. लोक ज्यासाठी स्कायलाइन ओळखतात ते चार गोल दिवे केनमेरीच्या दोन दरवाजी गाडीपासूनचे. त्यामुळे कुणी हाकोसुका म्हणून चार गोल दिव्यांचा फोटो पाठवला की मी पुढे वाचतच नाही.

आणि याच रेघेवर सगळ्यात महाग फसवणूक होते. हाकोसुकाचं रेसिंगसाठी काढलेलं रूप ते जीटी-आर, म्हणजे १९६९ ची चार दरवाजी आणि १९७० ची दोन दरवाजी, यांच्यात रेसिंगचं रुंद टायर बसावं म्हणून मागची कमान कापून मोठी केली होती, त्यामुळे ती सर्फ लाइन चाकावर मध्येच तुटते. साध्या जीटीमध्ये ती अखंड जाते आणि चाकाचा वरचा भाग थोडा झाकते. आता कमान कापायला काय लागतं, ग्राइंडर आणि एक दुपार. म्हणून जगभर साध्या गाड्यांच्या कमानी कापून जीटी-आर केलेल्या आहेत, मालकही लपवत नाहीत बऱ्याचदा, पण तिसऱ्या-चौथ्या हाताला जाईपर्यंत ती खरी झालेली असते. तिथे मग चासी नंबरच बघायचा. खऱ्या दोन दरवाजीचा केपीजीसी१० ने सुरू होतो, साध्या सहा सिलिंडरवालीचा केजीसी१० ने. मधलं एक अक्षर. त्या एका अक्षराच्या किमतीत आपल्याकडे फ्लॅट येतो. केनमेरी जीटी-आर तर १९७ च बनल्या, त्यामुळे ती कुणाच्या मामाकडे असण्याची शक्यता तुम्हीच काढा.

मी पण आपटलोय, उगाच शहाणपणा करत नाही. शारजात एका गिऱ्हाईकाला दात्सुन २४०झेड घ्यायची होती, पहिल्या वर्षीचीच पाहिजे असा हट्ट. पहिल्या गाड्यांची खूण मला तोंडपाठ होती, मागच्या डिकीवर काचेच्या खाली हवा बाहेर जायला दोन आडव्या जाळ्या असतात. १९७१ च्या आसपास त्या डिकीवरून गेल्या आणि हवेची वाट मागच्या खांबावर आली, तिथे गोल चकतीत झेड असतो. तर एक गाडी आली, मी सरळ मागे गेलो, डिकीवर दोन जाळ्या, चकचकीत, बोट फिरवून बघितलं, कारखान्याचं काम. सांगून टाकलं की पहिलीच आहे, घ्या. त्याने पैसे मोजले. आठवड्याने त्याचाच पोरगा, असेल बारा-तेरा वर्षांचा, गाडीभोवती फिरताना विचारतो की अंकल हा गोल झेड पण हवा सोडायलाच आहे ना? मी खांबाकडे बघितलं आणि पोटात खड्डा पडला. खांबावर पण वाट आणि डिकीवर पण वाट. अशी गाडी कारखान्याने बनवलीच नाही. नंतरच्या गाडीला कुणीतरी ठोकल्यावर जुन्या गाडीची डिकी बसवलेली होती. डिकी म्हणजे चार बोल्ट, आणि मी नेमकी बोल्टवरची गोष्ट बघून पत्र्यावरची सोडली. दलाली परत दिली, वर चहा पाजला. त्या दिवसापासून एका खुणेवर मी गाडी सांगत नाही, दोन लागतात आणि त्यातली एक तरी वेल्डिंगची पाहिजे.

झेडचंच पुढे सांगतो, अमेरिकेत गेलेल्या गाड्यांचं. १९७३-७४ ला तिथे कायदा आला की ताशी पाच मैलांच्या धक्क्यात गाडीच्या दिव्याबिव्यांना काही व्हायला नको, आणि सगळ्या जपानी गाड्यांचे नाजूक बंपर गेले, त्या जागी ओंडके आले. २४०झेडचा बंपर बोटाएवढा, २८०झेडचा बघा, मंगळसूत्राच्या जागी साखळदंड. मधली २६०झेड ओळखायची तर मागे रिव्हर्सचे दिवे बघायचे, २४० मध्ये ते मोठ्या दिव्यातच आहेत, २६० मध्ये वेगळे होऊन आत नंबर प्लेटकडे सरकले. आणि अमेरिकेत १९६८ पासून गाडीच्या बाजूला छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर लागायला लागले. ते दिसले की गाडी तिकडची किंवा तिकडच्यासाठी बनलेली.

हे कायद्याचं प्रकरण मला फार आवडतं, कारण डिझायनरचं मन कळत नाही पण सरकारचं कळतं. जपानमध्ये १९८३ पर्यंत आरसे दरवाज्यावर नाही, पुढच्या मडगार्डवर लागायचे, त्यांना फेंडर मिरर म्हणतात, आपल्या जुन्या फियाटला पण कुणी कुणी लावायचे तसे. १९८३ ला दरवाज्यावरच्या आरशाला परवानगी मिळाली. त्यामुळे जपानच्या रस्त्यावरचा फोटो असेल तर आरसा हे कॅलेंडर आहे. तुमच्या फोटोला मात्र हे लावू नका, कारण दुबईला जाणाऱ्या गाड्या बाहेरच्या देशांसाठी बनलेल्या, त्यात दोन्ही प्रकार जायचे.

तसंच रुंदीचं. जपानमध्ये छोट्या गाडीच्या वर्गात राहायचं तर लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर आणि इंजिन २००० सीसीच्या आत पाहिजे, त्याच्या वर गेलं की १९८९ पर्यंत कर दणदणीत असायचा. म्हणून तुम्ही माहिती काढायला लागलात की दर दुसऱ्या गाडीची रुंदी १६९० नाहीतर १६९५ मिलिमीटर निघेल, शिंप्याने कापड वाचवावं तशी. त्या गाड्या समोरून चिंचोळ्या आणि बाजूने लांब दिसतात त्याचं कारण हे. त्याहून छोट्या त्या केई गाड्या, १९७५ पर्यंत इंजिन ३६० सीसी, लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर. १९७६ पासून ५५० सीसी आणि ३.२ बाय १.४. सुबारू ३६० शेजारी माणूस उभा असला की ती खेळण्यातली वाटते ती म्हणूनच.

आणि याच तीन मीटरच्या हिशोबात आपली जिप्सी अडकलेली आहे, म्हणजे तिची आजी. सुझुकीची पहिली जिम्नी, १९७० ची एलजे१०, तीन मीटरच्या आत बसवायची होती आणि जीपसारखं स्टेपनीचं चाक मागे टांगलं तर लांबी वाढणार. मग त्यांनी काय केलं, स्टेपनी आत घेतली, मागच्या सीटच्या जागेत, आणि गाडी तीन माणसांची झाली. हे कळल्यावर ती फोटोत कधी चुकत नाही. १९७२ ला एलजे२० आली, इंजिनाला हवेऐवजी पाणी थंड करायला लागलं, आणि बाहेरून फरक एकच, पुढच्या जाळीच्या फटी एलजे१० ला आडव्या आणि एलजे२० ला उभ्या. आता तुम्ही म्हणाल की जाळी तर बदलता येते असं तुम्हीच म्हणालात. बरोबर आहे, म्हणून बॉनेट उघडून रेडिएटर आहे का ते पण बघायचं. दोन खुणा.

आपल्याकडची जिप्सी आली १९८५ ला, ती सुझुकीच्या नंतरच्या जिम्नीचं, एसजे४१० चं लांब रूप. आखूड गाडीत पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर २०३० मिलिमीटर, जिप्सीत २३७५. तो एक फूट-सव्वा फूट सगळा दरवाज्याच्या मागे वाढलाय, म्हणून जिप्सीची मागची बाजू अशी रिकामी लांबलचक वाटते. मारुती ८०० चं पण लोक विसरले. डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी दिली ती एसएस८०, आणि १९८६ पासून आली ती एसबी३०८, जी आपण सगळ्यांनी चालवली. पहिलीची मागे नुसती काच उघडते, पत्रा जागचा हलत नाही, सामान वरून विहिरीत सोडल्यासारखं सोडायचं. दुसरीला पत्र्याची चौकट असलेली डिकी आली. आज एखाद्या वाड्याच्या अंगणात ताडपत्रीखाली मारुती दिसली की मी आधी मागे जातो ते यासाठी. गाडी पुसायच्या आधी काचेची कड बघतो.

जाता जाता, जपानी असूनही जपानी न दिसणारी एक आपल्या कुर्ल्यातच बनायची. प्रीमियर ११८एनई. अंगाने फियाट, पण आत निसानचं ए१२ इंजिन, ११७१ सीसी, तेच जे दात्सुन १२०० मध्ये होतं. पत्रा बघून ओळखायची माझी सगळी विद्या तिच्यापुढे फुकट जाते, फार तर नावातल्या एनई ने ओळखा, निसान इंजिन.

जुळ्या बहिणींचा त्रास वेगळाच. जपानमध्ये कंपन्यांच्या दुकानांच्या साखळ्या वेगवेगळ्या असायच्या आणि प्रत्येक साखळीला आपली गाडी पाहिजे, म्हणून एकच गाडी दोन-तीन नावांनी विकायची. टोयोटाच्या कोरोला आणि स्प्रिंटर, निसानच्या सेड्रिक आणि ग्लोरिया १९७१ पासून. पत्रा तोच, फरक नेमका जाळीत आणि मागच्या दिव्यांत. म्हणजे इथे माझा नियम उलटा होतो, पत्रा तुम्हाला कुटुंब सांगतो आणि व्यक्ती दिव्यावरून ओळखायची. टोयोटाची प्रसिद्ध एई८६ घ्या, १९८३ ची. डोळे म्हणजे पुढचे दिवे, ते उघडझाप करणारी ती स्प्रिंटर ट्रुएनो, डोळे कायम उघडे ती कोरोला लेव्हिन. पण तेवढ्यावर ती एई८६ ठरत नाही, कारण तसाच पत्रा असलेली एई८५ पण आहे, १५०० सीसीचं साधं इंजिन, आणि आज रस्त्यावर फिरणाऱ्या कित्येक ८६ जन्माने ८५ आहेत.

तिथे कामाला येते बॉनेटखालची पत्र्याची पाटी. टोयोटाची पाटी वाचायला सोपी. पहिलं अक्षर इंजिनाचं, दुसरं गाडीचं. ई म्हणजे कोरोलाचं घराणं, ए म्हणजे सेलिका-करीना, एस म्हणजे क्राऊन, एक्स मार्क टू, जे लँड क्रूझर. त्यामुळे एफजे४० मध्ये एफ पेट्रोल इंजिन आणि बीजे४० मध्ये बी डिझेल, बाहेरून तीच जीप. टीए म्हटलं की सेलिका-करीना घराण्यात टी इंजिन, आरए म्हटलं की आर इंजिन. एवढं पाठ झालं की अर्धी लढाई जिंकली, उरलेली अर्धी म्हणजे पाटी त्याच गाडीची आहे का, रिबिट नवीन दिसतायत का, नंबराभोवती रंग जाड आहे का.

पाटी नसेल, गाडी कापलेली असेल, तर काच वाचा. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं, ओलं फडकं फिरवलं की उठून दिसतं. काच बनवणाऱ्याचं नाव, जपानी मानकाची खूण, आणि बाहेर जाणारी असेल तर त्या देशाची. चारही दरवाज्यांना एकाच कारखान्याची काच आणि एकालाच वेगळी, म्हणजे तो दरवाजा कधीतरी ठोकलेला. सीटबेल्टच्या मुळाशी कापडी चिठ्ठी शिवलेली असते, बऱ्याचदा त्यावर बनवल्याचा महिना असतो, आणि ती कुणी बदलत नाही कारण ती कुणाला माहीतच नसते. दिव्यांच्या काचेवर कोइतो, स्टॅन्ले, इचिको अशी नावं आणि पुढे नंबर असतो, त्या नंबरावरून दिवा कुठल्या गाडीचा ते निघतं. मी आंधळेपणाने नुसत्या लाल काचेच्या तुकड्यावरून गाड्या सांगितल्यात, त्यात जादू काही नव्हती, नंबर वाचत होतो.

तर तुमच्या फोटोकडे परत. सेलिका लिफ्टबॅक जपानमध्ये १९७३ ला आली आणि १९७७ च्या ऑगस्टला दुसऱ्या पिढीने तिची जागा घेतली, त्यात ते उभे दिवे नाहीत. म्हणजे फोटो ८० चा असला तरी गाडी ७७ च्या अलीकडची नाही. आता तुम्ही दोन कामं करा. फोटो परत स्कॅन करा, मोबाईलने काढू नका, चांगल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला, आणि उजव्या दिव्याच्या खालचा कोपरा मोठा करून पाठवा, तिथे काहीतरी चमकतंय, ती नावाची पट्टी असू शकते. ती जीटी निघाली तर इंजिनाचं बोलू. आणि आईंना विचारा की गाडी वडिलांची स्वतःची होती की मित्राची, आणि मागे बसताना पुढची सीट पाडून चढावं लागायचं का. बायकांना ते बरोबर आठवतं, साडी नेसून त्या गाडीत मागे चढणं सोपं नव्हतं.